आवडती बिअर दुसऱ्याला सुचवताना

मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत एकच प्रश्न पडतो: कुठली घेऊ? समोर आठ-दहा नळ असतात. फळ्यावर हेफवायझन, विटबिअर, आयपीए, सेझाँ, पोर्टर अशी नावं लिहिलेली असतात आणि सोबतचा जाणकार मित्र सांगतो, "ही घे, एकदम भारी आहे." तो मनापासूनच सांगत असतो. पण त्याला भारी वाटलेली कडूजार आयपीए नवख्याच्या हातात पडते, पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं होतं आणि "हे आपलं काम नाही" म्हणून तो कायमचा नेहमीच्या बाटलीकडे वळतो. बिअर चांगली असते, मित्रही चांगला असतो. चुकते ती शिफारस.

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता, कारण निवडायला होतंच काय? आज पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एल वर्क्स ही नावं झाली आहेत. मुंबईत गेटवे आणि व्हाइट आउल आले, बंगळुरूचं टॉइट पुण्या-मुंबईत आलं, गोव्यात तर गावागणिक नवं काहीतरी ऐकायला मिळतं. इतकं वैविध्य असताना मित्राने दिलेला सल्ला फार मोलाचा ठरतो, म्हणून तो नीट द्यायला हवा. त्यासाठी विचारणाऱ्याची जीभ ओळखावी लागते, आपल्या जिभेला काय लागलं ते नेमकं सांगता यावं लागतं आणि ज्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं तेही पाहावं लागतं: समोरची बिअर ताजी आहे का?

आधी त्याला विचारा

बिअरबद्दल काही विचारू नका. कॉफी बिनसाखरेची चालते का, कैरीची फोड तिखटमिठाशी खायला आवडते का, ताटात कारलं आलं तर काय करता, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

कोरी कॉफी आवडीने पिणाऱ्याला स्टाउट किंवा पोर्टर द्या. जव कॉफीच्या बियांसारखे काळपट होईपर्यंत भाजलेले असतात, म्हणून त्यात कॉफी आणि कडू चॉकलेटचा वास येतो. इथे एक गैरसमज हमखास आडवा येतो. काळी बिअर म्हणजे जहाल, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. रंग येतो तो धान्य किती भाजलं त्यावरून, अल्कोहोलवरून नव्हे. गिनेसचा ड्राफ्ट स्टाउट जेमतेम ४.२ टक्क्यांचा असतो आणि आपल्या दुकानातली सोनेरी 'स्ट्राँग' बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. पहिला ग्लास देताना हे सांगितलं तर समोरच्याची निम्मी भीती जाते.

आंबटाची ओढ असणाऱ्याला गोझ चाखायला द्या. जर्मनीतल्या गोस्लार आणि लाइपझिगची ही जुनी शैली आहे. तिच्यात मीठ आणि धने घालतात, आणि आंबटपणा येतो लॅक्टिक आम्लाने, म्हणजे दह्याला आंबट करतं त्याच आम्लाने. मीठ, धने आणि आंबट हा मेळ आपल्याला काय नवीन आहे? म्हणूनच ग्रेट स्टेटने कोकम आणि मीठ घालून बिअर केली तेव्हा ती इथल्या जिभांना लगेच ओळखीची वाटली. बिअर आवडत नाही म्हणणाऱ्यांना अशी आंबट-खारट बिअर द्यावी असं माझं ठाम मत आहे. न आवडण्याचं त्यांचं कारण बहुतेक वेळा कडवटपणा असतो आणि इथे तो जवळजवळ नसतोच.

कारलं चाटूनपुसून खाणारा माणूस आयपीएकडे जाणार हे खरं, पण त्यालाही पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका. आधी पेल एल द्या. बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचा वास तोच, कडवटपणा मात्र बेताचा. तिथे रमला तर पुढच्या खेपेला आयपीए. गोव्यात असाल तर गोवा ब्रुइंग कंपनीची एट फिंगर एडी आणि आर्बरची बीच शॅक या दोन्ही आयपीए शेजारी ठेवून चाखण्यासारख्या आहेत. एकाच शैलीत दोन ब्रुअर किती वेगळा विचार करतात ते त्यातून कळतं.

ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याला गव्हाची बिअर द्या. बेल्जियन विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते. विसाव्या शतकाच्या मध्याला ही शैली जवळजवळ संपली होती. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने साठच्या दशकात हूगार्डन गावात ती पुन्हा उभी केली आणि आज त्याच नावाची बाटली आपल्याकडच्या दुकानांतही मिळते. नेहमीच्या लागरची सवय असलेल्या माणसाला पिल्सनर किंवा ब्लाँड जवळची वाटते. टॉइटची बासमती ब्लाँड तांदूळ वापरून केलेली आहे, त्यामुळे ती अंगाने हलकी असते आणि अशा माणसाला पहिल्या घोटातच परकी वाटत नाही.

बिअर नकोच असेल तर सायडर सफरचंदाचं आणि मीड मधाचं, हे दोन्ही पर्याय आहेतच. मीडसाठी पुण्याची मूनशाइन आहे. आणि जो पीतच नाही त्याला आग्रह करू नये.

स्वतः चाखताना

नेमकं सांगायचं तर आधी नेमकं चाखलं पाहिजे. हेफवायझनचा एक ग्लास घ्या. ही बव्हेरियाची गव्हाची बिअर, आपल्याकडच्या बहुतेक ब्रुअऱ्यांत मिळते. ग्लास आल्याबरोबर तोंडाला लावू नका. फेस पाहा. गव्हातल्या प्रथिनांमुळे तो दाट, सायीसारखा असतो आणि बराच वेळ टिकतो. बिअर गढूळ दिसते, कारण यीस्ट आणि प्रथिनं गाळून काढलेली नसतात. या शैलीत गढूळपणा हा दोष धरत नाहीत.

आता ग्लास हळूच फिरवून नाकाजवळ न्या आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. पिकलेल्या केळ्याचा वास येईल आणि त्याच्या मागून लवंगेचा. केळं कुणी घातलेलं नसतं, लवंगही नाही. गव्हाच्या बिअरचं खास यीस्ट आंबवताना जे संयुग तयार करतं तेच केळ्यातही असतं. ब्रुअरने आंबवण्याचं तापमान थोडं वर ठेवलं तर केळं पुढे येतं, खाली ठेवलं तर लवंग. म्हणून दोन ठिकाणची हेफवायझन शेजारी ठेवली की एक केळ्याकडे झुकलेली आणि दुसरी लवंगेकडे, असा फरक जाणवतो. शिफारस करताना एवढंच सांगितलं, "इथली केळ्याकडे जाते, जरा गोडसर वाटते," तरी ऐकणाऱ्याला दहापैकी साडेआठ गुणांपेक्षा कितीतरी जास्त माहिती मिळते.

मग घोट घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर रेंगाळतो. तो लगेच जातो, की दुसरा घोट मागतो, की जिभेवर ठाण मांडतो, ते पाहा. लेबलवर किंवा फळ्यावर लिहिलेल्या आयबीयूच्या आकड्यावर फार विसंबू नका. ते कडवटपणाचं मोजमाप आहे, पण मॉल्टचा गोडवा जास्त असेल तर ४० आयबीयूचा स्टाउट सौम्य लागतो आणि तेवढ्याच आकड्याची कोरडी पेल एल कडक लागते.

तापमानाकडेही लक्ष द्या. बर्फासारखी गार बिअर वासच देत नाही. लागरला ४ ते ७ अंश सेल्सियस ठीक, एलला ८ ते १२, स्टाउटला त्याहून थोडं वर. घरच्या फ्रिजमधून काढलेला स्टाउट दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला तर कॉफीचा वास मोकळा होतो. डीप फ्रीझरमधला पांढराधोप ग्लास दिसायला छान, पण त्यात फेसाची आणि वासाची दोन्हींची वाट लागते. भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तरी फेस बसतो. ग्लास वेगळा घासून, साध्या पाण्याने दोनदा खळबळून, उपडा घालून वाळवावा.

एकावेळी अनेक प्रकार चाखायचे तर सँपलर मागवा. शंभरेक मिलिलिटरचे चार-सहा छोटे ग्लास मिळतात. क्रम आपण लावायचा: हलकी आधी, मग गव्हाची, मग कडू, आणि भाजक्या किंवा जास्त अल्कोहोलच्या शेवटी. आयपीएनंतर पिल्सनर प्यायलात तर ती पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही तिच्यावर उगाच अन्याय कराल. मधे साधं पाणी आणि पावाचा तुकडा पुरतो. मसाला शेंगदाणे चाखून झाल्यावर मागवा.

चव सांगताना आपल्या स्वयंपाकघरातले वास कामाला येतात. अमेरिकन कॅस्केड हॉप्स १९७२ साली बाजारात आले. त्यांच्या वासाचं वर्णन ग्रेपफ्रूट असं करतात, पण कोकणातलं पपनस सोलताना येणारा वास ज्याला माहीत आहे त्याला 'पपनस' म्हटलं की काम झालं. सिट्रा हॉप्समध्ये आंबा आणि लिची सापडते. चेक साझ हॉप्स गवताकडे, ओल्या पानांकडे जातात. खमंग, करपट, तुरट, आंबूस, गोडसर, कडसर हे शब्द 'मस्त' आणि 'भारी'पेक्षा खूप जास्त सांगतात.

ताजी आहे का?

आपण एखादी आयपीए महिन्यापूर्वी ब्रुअरीतच प्यायलो, पपनसाच्या वासाने खूश झालो आणि चार जणांना सांगत सुटलो. त्यातला एक जण दुकानातून तीच कॅन आणतो. ती पाच महिन्यांपूर्वी भरलेली असते आणि मधला उन्हाळा तिने बिनफ्रिजच्या गोदामात काढलेला असतो. त्याला वास येतो भिजलेल्या पुठ्ठ्याचा. दोघंही खरं बोलत असतात, पण ती एकच बिअर राहिलेली नसते.

हॉप्सचा वास हा बिअरमधला सगळ्यात नाजूक भाग. ऑक्सिजन आणि उष्णता त्याला काही आठवड्यांत खाऊन टाकतात. म्हणून हॉप्सवर उभी असलेली कुठलीही बिअर घेताना आधी कॅनचा तळ किंवा बाटलीचं लेबल वाचा. भरल्याची तारीख दोन-तीन महिन्यांच्या आतली असावी आणि दुकानदाराने ती फ्रिजमध्ये ठेवलेली असावी. पॅकवर छापलेली मुदत बहुधा सहा महिन्यांची असते, पण ती आयपीएच्या वासाची हमी देत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या प्लिनी द एल्डर या प्रसिद्ध डबल आयपीएच्या लेबलवर तर ब्रुअरच सांगतो की साठवू नका, ताजी असताना प्या.

हे त्या भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवायला हवं. पुण्याला येताना भाच्याने मामासाठी प्लिनी आणावी, यात प्रेम आहेच. पण ती निघण्याच्या आदल्या दिवशी घ्यावी, घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकावी आणि दिवाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात उघडावी. सामानातून आणायच्या करमुक्त मद्याची मर्यादा २ लिटर आहे. अर्ध्या लिटरहून किंचित मोठ्या बाटल्या तीनच बसतात, तेव्हा निवड विचार करून करावी. याउलट दहा टक्क्यांच्या आसपासचा इम्पीरियल स्टाउट किंवा बेल्जियन ट्रॅपिस्ट बिअर वर्षभर अंधाऱ्या, गार जागी ठेवली तरी बिघडत नाही, कधीकधी चवीला गोलाई येऊन सुधारते. लांबच्या प्रवासाला याच बिअर योग्य.

उजेडाचंही तेच. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की काही मिनिटांत जळक्या रबराकडे झुकणारा उग्र वास तयार होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. कॅन सगळ्यात सुरक्षित. गोव्याच्या शॅकवर भर दुपारी टेबलावर उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली अर्ध्यावर आल्यावर वेगळीच लागते, त्यामागे हे कारण असतं.

मायक्रोब्रुअरीत तारीख छापलेली नसते, तिथे विचारायचं. "दादा, आज नवीन काय लागलंय टॅपवर?" हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. वाढणाऱ्या माणसाला कुठला केग कधी उघडला आणि आज काय जास्त जातंय ते माहीत असतं. जास्त जाणारी बिअर ताजी राहते.

दोष आणि शैली यांतला फरकही सांगता यायला हवा. लोण्यासारखा वास लागरमध्ये आला तर आंबवणं पूर्ण व्हायच्या आधी घाई झाली असावी. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात किंवा गार करण्यात काहीतरी राहिलं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून तयार व्हायची होती. गोझ आंबट लागणारच, पण पिल्सनर व्हिनेगरसारखी आंबट लागली तर नळाच्या पाइपची सफाई तपासायला हवी. असं झालं तर आवाज न चढवता सांगावं: "ही जरा आंबूस लागतेय, नेहमी अशीच असते का?" चांगल्या ठिकाणी ग्लास बदलून देतात आणि ब्रुअरला कळवतातही. आणि एका बिघडलेल्या ग्लासावरून ती ब्रुअरी चारचौघांत निकालात काढू नये. दुसऱ्यांदा जाऊन पाहावं.

गुण आणि क्रमवारीबद्दल

बेल्जियममधल्या सिंट-सिक्स्टस मठातले भिक्षू वेस्टफ्लेटरेन १२ नावाची १०.२ टक्क्यांची गडद बिअर बनवतात. २००५ साली बिअरप्रेमींच्या मतदानातून ती जगात सर्वोत्तम ठरली आणि मठासमोर गाड्यांच्या रांगा लागून साठा संपला. भिक्षूंनी उत्पादन वाढवलं नाही. मठ चालण्यापुरतीच बिअर करायची हा त्यांचा नेम. बिअर उत्तमच आहे. पण अशा याद्यांमध्ये जड, जास्त अल्कोहोलच्या आणि दुर्मीळ बिअर नेहमी वर जातात. चार टक्क्यांची, स्वच्छ चवीची पिल्सनर बनवणं ब्रुअरसाठी जास्त अवघड असतं, कारण तिच्यात दोष लपायला जागाच नसते. तरी ती खालीच राहते. तेव्हा क्रमवारी पाहायचीच तर एका शैलीच्या आतली पाहा. मे महिन्यात दुपारी तहानलेल्या माणसाला जगातली सर्वोत्तम गडद बिअर सुचवून काय उपयोग?

जेवणाशी जोडून सांगा

सुचवताना सोबत काय खायचं तेही सांगावं. तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए नको. मिरचीची आग, हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तिखटाबरोबर गव्हाची बिअर किंवा मॉल्टचा गोडवा असलेली अँबर एल घ्या. बोंबील फ्राय आणि विटबिअर यांचं फार चांगलं जमतं, कारण बुडबुडे तेलाचा थर धुऊन काढतात आणि संत्र्याची साल लिंबाचं काम करते. खरपूस थालीपीठ आणि अँबर एल, कोथिंबीर वडी आणि हेफवायझन, सुकं मटण आणि पोर्टर. इंग्लंड-आयर्लंडमध्ये स्टाउटबरोबर ऑयस्टर खाण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर कालवं मिळतात, तेव्हा रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्यांनी हे करून पाहावं अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अल्कोहोलचं प्रमाणही शिफारशीत यायलाच हवं. ३३० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे व्हिस्कीच्या सव्वा छोट्या पेगइतकं अल्कोहोल. अर्ध्या लिटरची ८ टक्क्यांची बिअर म्हणजे तीन छोटे पेग. हे न सांगता "अजून एक घे, बिअरच तर आहे" म्हणणं धोक्याचं आहे. महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि मद्य परवाना लागतो. गाडी चालवणाऱ्याने सँपलरसुद्धा घेऊ नये. छोटे सहा ग्लास मिळून अर्ध्या लिटरच्या वर जातात.

घरी चाखायला बसायचं असेल तर चार-पाच जण पुरेत. प्रत्येकाने एकच बाटली किंवा कॅन आणायची, ती का आणली ते दोन वाक्यांत सांगायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायची. पहिल्या घोटानंतर मिनिटभर कुणी बोलू नये. एकाने मोठ्याने 'केळं' म्हटलं की बाकीच्यांना केळंच लागतं. आपापल्या कागदावर नाव, तारीख, वास, चव, शेवट एवढं लिहून मग वाचून दाखवा. मतं हटकून वेगळी निघतात आणि कुणाची जीभ आपल्याशी जुळते तेही कळतं. पुढच्या वेळी सल्ला त्याला विचारायचा.

मला कुणी विचारलंच तर मी सांगतो: पहिल्यांदा येत असाल तर हेफवायझन, जिथे सगळ्यात जास्त खपते तिथली. उन्हाळ्यात कोकम घातलेली गोझ, मिळेल तिथे. मुंबईच्या दमट संध्याकाळी पिल्सनर, तीही ४ टक्क्यांच्या आसपासची, तळलेल्या मांदेलीबरोबर. आयपीए फक्त ताजी, शक्यतो ती बनवली त्या इमारतीतच. आणि पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला मुक्काम असेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी काढायची नसेल, तर स्टाउट, फ्रिजमधून बाहेर काढून पंधरा मिनिटं ठेवलेला.